अभिनेत्रीच्या वेळेवर मालकी कोणाची?

जुईनगर : वाशी-पनवेल हार्बर मार्ग आणि ठाण्याकडून येणारा ट्रान्स-हार्बर मार्ग या दोहोंवर असलेले जुईनगर हे नवी मुंबईतील मध्यमवर्गीय वस्तीचे उपनगर. सिडकोने आखलेल्या या भागात स्थिरावलेली कुटुंबे प्रामुख्याने नोकरदारांची. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येणारा पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तीनंतरची तरतूद यांच्या भरवशावर अशा घरांचे हप्ते फेडले जातात. अशा घरातील मुलगी महाविद्यालयीन एकांकिकांमधून पुढे येते, एखाद्या मालिकेसाठी ऑडिशन देते आणि निवडली जाते, तेव्हा आनंदाबरोबरच घरात एक प्रश्नही उभा राहतो. हा प्रश्न मराठी समाजाला नवा नाही. ‘प्रभात’च्या विख्यात गायिका-अभिनेत्री शांता आपटे यांच्या १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचे नावच मुळी ‘जाऊ मी सिनेमांत?’ असे होते.

त्या काळी या प्रश्नात लोकलज्जेचा भाग मोठा होता. आज तो बराच ओसरला आहे. मालिकेत झळकणाऱ्या मुलीचे कौतुक सोसायटीच्या गणेशोत्सवात होते, शाळेच्या स्नेहसंमेलनाला ती प्रमुख पाहुणी म्हणून बोलावली जाते. मात्र दिवसाचे किती तास काम करायचे, पैसे केव्हा मिळणार, आजारपण वा बाळंतपण आले तर काय, सेटवर गैरवर्तन झाले तर तक्रार कोणाकडे करायची, या बाबी अजूनही बऱ्याच अंशी ज्याच्या-त्याच्या मर्जीवर सोडलेल्या आहेत. २०२५ या वर्षाने त्यांना पुन्हा तोंड फोडले. आठ तासांच्या कामाचा आग्रह धरल्याच्या चर्चेमुळे दीपिका पदुकोण यांचे दोन मोठ्या चित्रपटांतून बाहेर पडणे देशभर गाजले, आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबर रोजी केंद्राच्या चार कामगार संहिता अमलात आल्या. या संहितांमध्ये चित्रपट, दूरचित्रवाणी आणि वेब मालिकांतील कलावंतांचा ‘दृक्‌श्राव्य कामगार’ म्हणून स्पष्ट उल्लेख आहे. या पार्श्वभूमीवर अभिनेत्रीच्या वेळेवर आणि कमाईवर खरा अधिकार कोणाचा, हे तपासून पाहणे आवश्यक ठरते.

पोटासाठी उचललेले पाऊल

दादासाहेब फाळके यांना १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळाली नाही. ती भूमिका अखेर उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी केली, ही हकिकत सर्वश्रुत आहे. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या. पतीपासून विभक्त झाल्यावर लहान मुलीसह जगण्यासाठी दुर्गाबाईंनी फिरत्या नाटक मंडळीची वाट धरली होती. भारतीय पडद्यावरील पहिल्या अभिनेत्रीच्या मागे हौस नव्हती. पोटाची निकड होती. कमलाबाई गोखले यांनीही पुढे रंगभूमीवर दीर्घकाळ काम करून संसार चालवला. चंद्रकांत गोखले आणि विक्रम गोखले हा अभिनयाचा वारसा याच घरातला.

१९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मधून दुर्गा खोटे आल्या आणि सुशिक्षित, सुखवस्तू घरातील स्त्री बोलपटात काम करू शकते हे समाजाने पाहिले. त्यांच्या कारकिर्दीचे महत्त्व एवढ्यावरच थांबत नाही. कलाकाराने एका कंपनीत मासिक पगारावर बांधून घ्यावे, असा त्या काळचा रिवाज होता. दुर्गाबाईंनी तो न पाळता कोल्हापूरची ‘प्रभात’, कोलकात्याची ‘न्यू थिएटर्स’ आणि ‘ईस्ट इंडिया’ अशा वेगवेगळ्या संस्थांत काम केले. आपला वेळ कोणाला आणि किती द्यायचा, हे ठरवण्याचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवला. उतारवयात त्यांनी लघुपट आणि जाहिरातपटांची निर्मिती केली. दूरदर्शनवर १९८८ मध्ये लोकप्रिय झालेली ‘वागले की दुनिया’ ही त्यांच्याच संस्थेची निर्मिती. १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, त्यामागे अभिनयाइतकीच ही स्वतंत्र बुद्धीही होती, असे म्हणावे लागेल.

अर्थात दुर्गाबाईंच्या पाठीशी शिक्षण होते, प्रतिष्ठित माहेर होते. सर्वांना ते लाभत नाही.

प्रभातच्या फाटकासमोर

‘प्रभात फिल्म कंपनी’ १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली. व्ही. शांताराम यांच्या १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये शांता आपटे यांनी साकारलेली नीरा वृद्धाशी लावलेले लग्न मानण्यास नकार देते. हा नकार त्या काळी प्रेक्षकांना हादरवून गेला. दोन वर्षांनी शांताबाईंनी प्रत्यक्षातही नकार दिला. करार आणि वेतनाच्या वादातून १९३९ मध्ये त्यांनी ‘प्रभात’च्या फाटकासमोर उपोषण केले. लोकप्रियतेच्या शिखरावर असलेली नायिका आपल्याच कंपनीच्या दारात उपोषणाला बसते, हे दृश्य वृत्तपत्रांना सनसनाटी वाटले नसते तरच नवल.

पुढच्याच वर्षी आलेल्या त्यांच्या पुस्तकात मात्र सनसनाटी नव्हती. चित्रपट हा भांडवलावर चालणारा धंदा आहे, त्यात राबणारी माणसे आहेत आणि त्यांच्या श्रमाचा हिशेब झाला पाहिजे, ही भूमिका त्यांनी मांडली. चित्रपटात जावे की जाऊ नये, याचे उत्तर त्यांनी नीतिमत्तेच्या चौकटीत न शोधता कामाच्या परिस्थितीत शोधले. आज ‘प्रभात’च्या त्याच जागेत भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था उभी आहे आणि देशभरातील विद्यार्थी तेथे चित्रपटकलेचे शिक्षण घेतात. अभिनेत्रीने स्वतःकडे श्रमिक म्हणून पाहण्याची सुरुवात मात्र त्या फाटकाबाहेर झाली होती, याची आठवण फारशी काढली जात नाही.

शांताबाईंनंतरच्या पिढीत हंसा वाडकर यांचे आयुष्य या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. घरची गरज भागवण्यासाठी लहान वयातच त्या कॅमेऱ्यासमोर आल्या. अनंत माने यांचा १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला. त्याच नावाने त्यांचे आत्मकथन १९७० मध्ये पुस्तकरूपाने आले. अरुण साधू यांनी शब्दांकित केलेल्या या आत्मकथनावर श्याम बेनेगल यांनी १९७७ मध्ये ‘भूमिका’ काढला आणि स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट आणि पुस्तक यांची चर्चा बहुतेकदा हंसाबाईंच्या खासगी आयुष्याभोवती फिरली. परंतु त्यातील खरा आर्थिक मुद्दा असा की कमावणारी व्यक्ती एक आणि कमाईचा हिशेब ठेवणाऱ्या व्यक्ती दुसऱ्याच. घर चालवणाऱ्या स्त्रीला स्वतःच्या मिळकतीवर अधिकार नसेल, तर प्रसिद्धीचा तिला उपयोग काय, असा प्रश्न ते आत्मकथन वाचताना पडतो.

अपघात कामावरचाच, पण…

एखादा कामगार कारखान्यात जखमी झाला तर त्याला ‘कामावरील अपघात’ म्हणतात. अभिनेत्री जखमी झाली तर त्याला ‘नियती’ म्हणण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ललिता पवार यांना १९४२ मध्ये एका चित्रपटाच्या चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड इतकी जोरात बसली की चेहऱ्याला अर्धांगवायू झाला आणि एक डोळा कायमचा अधू झाला. त्यानंतरची त्यांची खाष्ट सासूची आणि ‘रामायण’मधील मंथरेची भूमिका सर्वांना आठवते. ऐन नायिकापदावरील स्त्रीचे कामावर असताना झालेले नुकसान आणि त्याची भरपाई हा विषय मात्र कोणाच्या आठवणीत नाही. त्यांनी पुन्हा उभे राहून पाच दशके काम केले, ते स्वतःच्या जिद्दीवर.

रंजना देशमुख यांच्या वाट्याला ती संधीही फारशी आली नाही. ‘चानी’मुळे लक्ष वेधून घेणारी आणि अशोक सराफ यांच्यासह सत्तर-ऐंशीच्या दशकात मराठी चित्रपटगृहे भरवणारी ही नायिका १९८७ मध्ये चित्रीकरणासाठी बंगळूरकडे जात असताना मोटार अपघातात सापडली आणि तिचे चालणे थांबले. नंतर चाकाच्या खुर्चीवर बसून त्यांनी ‘फक्त एकच कारण’ या नाटकाचे प्रयोग केले. २००० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर वर्षभरातच, फेब्रुवारी २००१ मध्ये, ‘ती फुलराणी’च्या भक्ती बर्वे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील अपघातात गेल्या.

प्रयोग, दौरा, चित्रीकरण आणि त्यासाठी रात्री-अपरात्री करावा लागणारा प्रवास हा कलावंताच्या कामाचाच भाग आहे. मात्र मानधन ठरवताना त्याची नोंद होत नाही. नाटकाची ‘नाईट’ ठरते ती प्रयोगाची. मालिकेचा दिवस मोजला जातो तो सेटवरील हजेरीचा. जुईनगरसारख्या ठिकाणी राहणाऱ्या कलावंतासाठी हा मुद्दा केवळ तात्त्विक नाही. मराठी मालिकांचे सेट ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या परिसरात, मीरा रोडला, मढ बेटावर किंवा १९७७ मध्ये स्थापन झालेल्या गोरेगावच्या चित्रनगरीत असतात. ठाणे-वाशी रेल्वेमार्ग २००४ मध्ये सुरू झाल्याने आणि पुढे तो नेरुळच्या दिशेने जोडला गेल्याने जुईनगरहून ठाण्याला थेट गाडी मिळते हे खरे. परंतु ठाणे स्थानकापासून पुढे घोडबंदरची वाहतूक कोंडी आहे, आणि गोरेगाव वा मढला जायचे तर अख्खी मुंबई ओलांडावी लागते. बारा तासांची पाळी, त्याआधी रंगभूषा-केशभूषेसाठी लवकरची वेळ आणि जाण्यायेण्याचे तीन-चार तास यांची बेरीज केली, तर दिवसातील जेमतेम आठ तास उरतात. जेवण, झोप, पाठांतर आणि घर हे सारे त्यातच बसवावे लागते. नवोदित आणि छोट्या भूमिकांतील कलावंतांना निर्मितीसंस्थेची गाडी मिळेलच असे नाही. चित्रीकरण रात्री लांबले आणि शेवटची लोकल चुकली, तर परतीचा खर्च आणि जोखीम दोन्ही तिच्याच पदरी.

मालिकांनी काय दिले, काय घेतले

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. स्मिता पाटील, भक्ती बर्वे यांचे चेहरे महाराष्ट्राच्या घराघरांत आधी पोहोचले ते याच केंद्रामुळे. नव्वदच्या दशकात ‘दामिनी’ने दैनंदिन मालिकेची सवय लावली. १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ आणि पाठोपाठ ‘ई टीव्ही मराठी’ या उपग्रह वाहिन्या आल्या आणि चित्रच पालटले. ‘आभाळमाया’ने सुकन्या कुलकर्णी-मोने यांना घरोघरी नेले. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ पासून तब्बल बारा वर्षे चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग प्रसारित झाले.

या मालिकांनी अभिनेत्रींना दिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सलग काम. नाटकाचे प्रयोग पावसाळ्यात मंदावतात, चित्रपट वर्षाला एखाद-दुसरा मिळतो; मालिकेत मात्र महिन्याचे ठरावीक दिवस हमखास मिळतात. दुसरे म्हणजे वयाची अट सैल झाली. लीला चिटणीस या चाळिशीच्या उंबरठ्यावर, १९४८ च्या ‘शहीद’पासून, पडद्यावरच्या आई झाल्या आणि पुढे आईच राहिल्या. सुलोचनादीदींचेही तेच. ‘गांधी’तील कस्तुरबांच्या भूमिकेसाठी बाफ्टा पुरस्कार मिळवणाऱ्या रोहिणी हट्टंगडी यांना मात्र ‘चार दिवस सासूचे’मध्ये कथानकाच्या केंद्रस्थानी राहता आले. ‘अग्गंबाई सासूबाई’त निवेदिता सराफ यांनी प्रौढ वयात पुनर्विवाह करणारी स्त्री रंगवली, तर ‘आई कुठे काय करते’ या २०१९ ते २०२४ या काळात चाललेल्या मालिकेत मधुराणी प्रभुलकर यांची मध्यमवयीन गृहिणी हीच नायिका होती. चित्रपटांनी ज्या वयात अभिनेत्रीला कडेला सारले, त्या वयात मालिकेने तिला पगारासारखे उत्पन्न दिले, हे नाकारता येणार नाही.

परंतु या सोयीची किंमतही तिनेच मोजली. दैनंदिन मालिकेचा एक भाग सुमारे २२ मिनिटांचा. आठवड्याला सहा भाग आणि मधूनमधून रविवारचा महाएपिसोड हे गणित सांभाळायचे, तर रोज जवळपास एक भाग चित्रित व्हावा लागतो. मालिका स्त्रीकेंद्री असल्याने नायिका बहुतेक प्रत्येक दृश्यात असते. नायकाला दोन दिवस सुटी देता येते, तिला देता येत नाही. दर आठवड्याच्या टीआरपीनुसार कथानक वळते, संवाद ऐन वेळी हातात पडतात, भागांची ‘बँक’ संपली की रात्र चढते. मालिका अचानक बंद झाली तर पुढच्या महिन्याचे उत्पन्नही थांबते.

पैशांची पद्धत तर नोकरदार घराला बुचकळ्यात टाकणारी आहे. मानधन दिवसावर ठरते आणि ते हाती पडण्यास रूढ मुदत ९० दिवसांची. म्हणजे जूनमध्ये काम सुरू करणाऱ्या मुलीला पहिला धनादेश गणपतीच्या सुमारास मिळणार. तोवर घरभाडे, प्रवास, व्यायामशाळा, त्वचेची निगा हा खर्च चालूच. छोट्या भूमिकांमध्ये पुष्कळदा कपडेही स्वतःचेच वापरावे लागतात. त्यातून कापला जाणारा कर हा व्यावसायिक शुल्कावरचा. कारण कायद्याच्या भाषेत ती कोणाची कर्मचारी नाही. कर्मचारी नाही म्हणून भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, राज्य विमा योजना नाही. प्रसूती लाभ कायद्याने २०१७ पासून २६ आठवड्यांची भरपगारी रजा दिली, पण ती नोकरदार स्त्रीला. मालिकेतील नायिकेला दिवस गेले तर कथानकात तिला परगावी पाठवले जाते किंवा तिच्या जागी दुसरी येते. २०२१ मध्ये एका मराठी मालिकेतील कलाकारांनी मानधन थकल्याची तक्रार समाजमाध्यमांवर जाहीरपणे मांडली, तेव्हा प्रेक्षकांना या व्यवहाराची थोडी कल्पना आली. तक्रार जाहीर करणारा कलावंत पुढच्या कामाला मुकण्याचा धोका पत्करतो, म्हणून अशा तक्रारी क्वचितच बाहेर येतात.

एक मृत्यू आणि एक निकाल

करोनाकाळाने हा सारा पेच उघडा पाडला. टाळेबंदीनंतर चित्रीकरणाला परवानगी देताना राज्य सरकारने ६५ वर्षांवरील कलाकारांना सेटवर येण्यास मनाई केली. हेतू आरोग्यरक्षणाचा होता. परंतु दिवसाच्या हजेरीवर मानधन मिळवणाऱ्या ज्येष्ठ कलावंतांसाठी त्याचा अर्थ उत्पन्न बंद, असाच होता. सत्तरीतील एका कलावंताने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि ऑगस्ट २०२० मध्ये न्यायालयाने ही बंदी भेदभावाची ठरवून रद्द केली. उपजीविकेच्या हक्काच्या दृष्टीने निकाल योग्यच होता.

पुढच्याच महिन्यात साताऱ्याजवळ ‘आई माझी काळुबाई’ या मालिकेच्या चित्रीकरणादरम्यान अनेकांना लागण झाली. ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर यांचे २२ सप्टेंबर २०२० रोजी साताऱ्यात निधन झाले. गोव्यातून आलेली, ‘मत्स्यगंधा’ने मराठी रंगभूमीवर ठसा उमटवलेली आणि हिंदी-मराठी चित्रपटांत दीर्घ कारकीर्द केलेली ही कलावंत वयाच्या ७९ व्या वर्षी कामावर होती. त्यांना काम करण्याची मनापासून ओढ होती, असे मानले तरी प्रश्न उरतोच. घरी बसायचे तर उत्पन्न नाही आणि कामावर जायचे तर संरक्षण नाही, अशा दोन टोकांमध्ये ज्येष्ठ कलावंतांना उभे करणारी व्यवस्था न्यायालयाच्या एका निकालाने बदलत नाही. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी मानधन योजना आहे आणि २०२४ मध्ये हे मानधन दरमहा पाच हजार रुपये करण्यात आले. मुंबई-ठाण्यातील औषधपाण्याच्या खर्चापुढे ही रक्कम किती पुरेल, हे सांगण्याची गरज नाही.

कायद्याचा हात किती लांब?

चित्रपट कामगारांसाठी केंद्राने १९८१ मध्ये कायदा केला. लेखी कराराची अट त्यातही होती. परंतु तो कथापटांपुरता होता आणि ठरावीक मिळकतीच्या आतील कामगारांनाच लागू होता. पुढे दूरचित्रवाणीचा उद्योग चित्रपटांच्या बरोबरीने वाढला, तरी मालिकांतील कलावंत त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिले. कामगार संहितांनी ही त्रुटी भरून काढली आहे. कथापट, दूरचित्रवाणी, वेब मालिका, रिअ‍ॅलिटी शो, जाहिराती या साऱ्यांचा त्यात समावेश आहे. कामाचे स्वरूप, मानधन, तास, सुरक्षितता आणि वाद मिटवण्याची पद्धत लेखी करारात नमूद करून त्याची नोंदणी करण्याची तरतूद आहे. रात्रपाळीसाठी स्त्रीची संमती आणि तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था हीदेखील अट आहे.

मात्र याही व्याख्येत मानधनाची कमाल मर्यादा अधिसूचनेने ठरवण्याची मुभा सरकारने ठेवली आहे. ती मर्यादा खूप खाली ठेवली तर दुय्यम भूमिकांतील अभिनेत्रीही बाहेर पडेल, आणि कायदा पुन्हा कागदावर राहील. शिवाय मालक कोण, हा जुना घोळ आहे. पैसा वाहिनीचा, काम निर्मितीसंस्थेचे, सेट भाड्याचा आणि कलाकार आणणारा समन्वयक वेगळाच. तक्रार आली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

लैंगिक छळाच्या बाबतीत हे विशेष जाणवते. विशाखा खटल्याचा निकाल १९९७ चा, त्यावर आधारित कायदा २०१३ चा. दहा किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची आहे आणि मालकाने पुरवलेल्या वाहनातील प्रवासही ‘कामाचे ठिकाण’ मानला जातो. जेथे समिती नाही, तेथे जिल्हा पातळीवर स्थानिक समितीकडे जाता येते. तनुश्री दत्ता यांनी २०१८ मध्ये जाहीर आरोप केल्यानंतर या तरतुदींची चर्चा झाली. केरळमध्ये २०१७ च्या एका अभिनेत्रीवरील अत्याचारानंतर तेथील स्त्री कलावंतांनी संघटना उभारली, सरकारने न्या. हेमा समिती नेमली आणि समितीने २०१९ च्या अखेरीस दिलेला अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये अंशतः खुला झाला. स्वच्छतागृह, कपडे बदलण्याची जागा, लेखी करार आणि मानधन या साध्या बाबींचा अभाव त्या अहवालात ठळकपणे आला. मराठी-हिंदी उद्योगाचे माहेरघर असलेल्या महाराष्ट्रात अशी पाहणी का होऊ नये, याचे समाधानकारक उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.

मोठ्या नावांची ढाल

दीपिका पदुकोण यांच्या आठ तासांच्या वादावर ‘करोडो रुपये घेणाऱ्यांना तासांची काय चिंता’ अशी टीका झाली. या टीकेत तथ्य दिसते, पण ते वरवरचे आहे. पुरुष तारे वर्षानुवर्षे आठच तास काम करत असताना त्याची बातमी होत नाही, हे त्यांनी दाखवून दिले, ते महत्त्वाचे. बड्या नटाची वेळ सोय म्हणून पाळली जाते. आई झालेल्या नटीने तीच मागितली की तो हट्ट ठरतो. आणि पहिल्या क्रमांकाच्या अभिनेत्रीला जे मागता येत नसेल, ते घोडबंदरच्या सेटवर नायिकेच्या नणंदेची भूमिका करणारी मुलगी कसे मागणार?

अमेरिकेत २०२३ मध्ये अभिनेत्यांच्या संघटनेने ११८ दिवसांचा संप केला. त्या संपात नामवंत तारे छोट्या कलावंतांसाठी रस्त्यावर उतरले, कारण आरोग्य योजना आणि निवृत्तिवेतन संघटनेच्या कराराशी बांधलेले आहे. आपल्याकडेही कलावंतांच्या संघटना आहेत, त्या थकलेले मानधन मिळवून देण्यासाठी मध्यस्थीही करतात. परंतु सदस्यत्व नसलेल्या नवोदितांचा ओघ मोठा आहे आणि ‘तू नाही तर दुसरी’ हे वाक्य ऐकण्याची भीती त्याहून मोठी.

जुईनगरच्या घराने काय विचारावे?

जुईनगरहून दोन स्थानके पलीकडे वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. नवी मुंबईतील अनेक मुलींनी रंगमंचावरचा पहिला प्रकाशझोत तेथेच पाहिला असेल. तेथून सेटपर्यंतचा प्रवास आता दुर्मीळ राहिलेला नाही. पालकांनी मुलीला अडवावे, असे कोणी म्हणणार नाही. पण बँकेतील वा खासगी कंपनीतील नियुक्तिपत्र जसे दोनदा वाचले जाते, तसाच हा करारही वाचला जावा. महिन्याला किमान किती दिवसांची हमी आहे, पाळी किती तासांची आणि जादा वेळेचा दर काय, पैसे किती दिवसांत मिळणार, मालिका सोडायची वा बंद पडली तर काय, दुसरे काम करण्यास मनाई किती काळ, रात्री घरी पोहोचवण्याची जबाबदारी कोणाची, विमा आहे काय आणि अंतर्गत समितीचे सदस्य कोण, हे प्रश्न विचारण्यात संकोच नको. करार इंग्रजीत असेल तर त्याचा मराठी तर्जुमा मागण्याचा आग्रह धरावा. ऑडिशनसाठी पैसे मागणाऱ्याकडे पाठ फिरवावी, हे वेगळे सांगायला नको.

सरकारच्या पातळीवरची कामेही अवघड नाहीत. मानधनाची मर्यादा ठरवताना दुय्यम कलावंत वगळले जाणार नाहीत, हे पाहणे; करारांची नोंदणी ऑनलाइन आणि सोपी करणे; चित्रीकरणाची परवानगी देतानाच अंतर्गत समितीचा तपशील आणि अपघात विमा बंधनकारक करणे; आणि ९० दिवसांची मुदत ३० दिवसांवर आणण्यासाठी वाहिन्या व निर्माते यांना एका टेबलाशी बसवणे. मुंबई ही या उद्योगाची राजधानी असल्याने येथे जे ठरेल, त्याचे अनुकरण अन्यत्र होईल. वाहिन्यांनीही मालिकेतील सोशिक सुनेच्या हक्कांवर भागच्या भाग रंगवताना ती सून साकारणाऱ्या कलावंताचा धनादेश कोठे अडला आहे, याची चौकशी करावी.

शांता आपटे यांचे १९६४ मध्ये निधन झाले. त्यांचे चित्रपट आजही पाहिले जातात, गाणी ऐकली जातात. पुस्तकाच्या नावातून त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला मात्र निःशंकपणे ‘जा’ असे उत्तर देता येईल, अशी स्थिती ८५ वर्षांनंतरही आलेली नाही. नव्या कायद्याने ती आणण्याची संधी दिली आहे. जुईनगरच्या एखाद्या घरात पुढची मुलगी ऑडिशनची बातमी घेऊन येईल, तेव्हा तिच्या आईवडिलांनी भूमिकेबरोबर कराराचीही चौकशी करावी आणि त्यांना त्याचे लेखी उत्तर मिळावे, एवढी माफक अपेक्षा त्यातून पूर्ण झाली तरी पुष्कळ झाले.